हातभर शाफ्ट, बोटभर फरक

आपल्या जुन्या मापात एक हात म्हणजे १८ इंच. बोटीच्या मागे लावतात त्या आउटबोर्ड मशीनचा शॉर्ट शाफ्ट १५ इंचांचा, लाँग शाफ्ट २० इंचांचा. पहिला हातापेक्षा तीन इंच कमी, दुसरा दोन इंच जास्त! देवबागच्या संगमावर फिरवणारी फायबर बोट असो की दोघांनी उचलून वाळूवर ओढावी अशी अॅल्युमिनियमची होडी, मशीन घेण्याआधी शाफ्ट बोटीला जुळतो का, हे माप घेऊन बघायलाच हवं.

टेप धरायचा तो मागच्या उभ्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर. मशीनचे क्लँप बसतात त्या वरच्या कडेपासून थेट तळापर्यंत, तोही बरोबर मधोमध. कारण मशीनसाठी वरची कड मध्यभागी बरेचदा खाली कापलेली असते आणि तळ तिथेच सगळ्यात खोल असतो. बाजूला टेप धरलात की हिशेब चुकला.

पंख्याच्या वर एक आडवी पट्टी दिसते. बोट किनाऱ्यावर असताना मशीन सरळ उभं करा, तळाला एक सरळ रीप लावा आणि मागून डोळा लावून बघा. रीप आणि पट्टी एका रेषेत आली की बैठक जमली. इंचभर खालीवर चालतं. नंतर पाण्यात फिरवून बघत नेमकी उंची साधायची. या पट्टीला पुष्कळ जण कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं खरं काम पृष्ठभागावरची हवा पंख्यापर्यंत येऊ न देणं हे आहे. कॅव्हिटेशन म्हणजे दाब घटल्यामुळे पाणी थंड असतानाच उकळणं. अभियंता चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ बोटीला १८९४ साली याच दुखण्याने वेग घेऊ दिला नव्हता.

मशीन फार वर बसलं तर पंखा हवा गिळतो: आवाज कर्कश चढतो आणि बोट जागची हलत नाही. त्याहून वाईट म्हणजे थंडाव्यासाठी पाणी ओढणारी जाळी उघडी पडते. म्हणूनच जाणता माणूस मशीन चालू झालं की आधी मागे वळून पाण्याची बारीक धार बघतो. ‘धार येता काय बघ रे!’ या एका वाक्यावर कितीतरी इंजिनं वाचली असतील.

फार खाली बसलं तर? मशीनचा पाय पाण्यात ओढला जातो, पेट्रोल जळतं, तुषार उडतात. कर्ली नदीच्या मुखाजवळ ओहोटीला वाळूचे बांध वर येतात, तिथे लांब पाय तळाला घासतो आणि वाळू आत गेली की पाणी ओढणारा रबरी पंखा झिजतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. मशीन लांब आणि फळी बुटकी असेल तर लाकडी ठोकळा लावून ते उचलता येतं. मशीन आखूड आणि फळी उंच असेल तर ठोकळा कामाचा नाही. फळी कापावी तर मागून येणारी लाट थेट बोटीत. असलं कापणं मला मुळीच पटत नाही.

हे यंत्र रुजवलं ते नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने, अमेरिकेत, १९०९ साली. उन्हात वल्हवता वल्हवता आणलेलं आइस्क्रीम वितळलं, त्यातून ही कल्पना सुचली असं सांगतात. ते बिडाचं मशीन दीड अश्वशक्तीचं, वजन २८ किलो. पुढे त्यानेच अॅल्युमिनियम वापरून एल्टो नावाचं मशीन काढलं: ताकद दुप्पट, वजन २२ किलोच्या आसपास.

आजही मशीनचा पाय अॅल्युमिनियमचाच असतो, त्यामुळे लाकडी होडीवाल्यालाही या धातूची नाजूक बाजू माहीत हवी. खाऱ्या पाण्यात तांब्याची संगत त्याला खाते. शेवाळ रोखणारा तांबेयुक्त रंग अॅल्युमिनियमला लावू नका. ट्रान्समचा ठोकळाही तांब्याच्या औषधात मुरवलेल्या लाकडाचा नको. मशीनच्या पायाला झिंकची एक वडी असते, ती आधी झिजते म्हणून पाय टिकतो. तिच्यावर कधीही रंग मारू नका, आणि अर्धी झिजली की लगेच बदला.