‘क्रॉसिंग’ करणारी बोटं

मैत्रिणींनो, ‘क्रॉसिंगला जाते’ असं आमच्या टेंभुर्णीकडच्या बाया सहज सांगतात. शाळेच्या पुस्तकात याच कामाला कृत्रिम परपरागीभवन असं भारदस्त नाव आहे. काम तेच, पण पुस्तकात ते शास्त्र ठरतं आणि शेतात नुसती मजुरी!

१९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात ‘महिको’ सुरू केली आणि जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जाऊ लागला. १९७० मध्ये सुरतच्या डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हे संकरित कपाशीचं वाण दिलं. १९९८ मध्ये बारवालेंना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. पण असं संकरित बियाणं तयार होतं ते फुलात, आणि बहुतेक वेळा बायांच्याच हातून.

कपाशीच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात. म्हणून उद्या उमलणारी कळी आदल्या दिवशीच हेरायची. अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसर अलगद सोलून काढायचे. आतल्या अंडाशयाला नख लागलं, तर कळी गेलीच म्हणून समजा! कळी झाकून ठेवायची आणि सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलातले पराग तिच्या कुक्षीवर फिरवायचे.

पुढचं काम निसर्गाचं. परागकणातून बारीक नळी फुटते आणि अंडाशयात उतरते. तिथं तीन ते पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यात बीजांडं. बीजांडाला दोन आवरणं आणि टोकाशी इवलंसं छिद्र. त्यातून नळी आत शिरते, नरपेशी अंडपेशीला मिळते आणि बीजांडाची सरकी होते. प्रत्येक बीजांडाला स्वतंत्र परागकण लागतो, त्यामुळे पराग कमी पडले की बोंडात सरकी कमी. आणि गंमत पाहा, कापसाचा एकेक धागा म्हणजे बीजांडाच्या सालीवरची लांब वाढलेली एकच पेशी!

पुंकेसर नीट निघाले नाहीत, तर फूल स्वतःच्याच परागानं फळतं. अशी भेसळ फार झाली, की शुद्धतेच्या तपासणीत बियाणं नापास होतं, शेतकऱ्याचा हंगाम जातो. इतकी जोखीम ज्या बोटांवर, त्यांना ‘कुशल’ म्हणायला आपली जीभ का अडखळते? बचत गटाच्या बैठकीत मी हेच सांगते, की मजुरी ठरवताना ‘निंदणीएवढीच द्या’ म्हणू नका, हे कसबाचं काम आहे असं ठणकावून सांगा.

आणि लेकीच्या विज्ञानाच्या वहीत फुलाची आकृती आली, की तिला शेजारी बसवा. कुक्षी कुठली, बीजांड कुठलं, हे आईइतकं नेमकं तिला कोण दाखवणार? मात्र क्रॉसिंगच्या दिवसांत तिची शाळा बुडवू नका हं!