इंजिन का तापते? : दोषाचा माग आणि देखभालीचे मोल

‘मोटार : रचना, दोष आणि देखभाल’ – लेखांक ७

गाडी सुरू होतानाच अडवणाऱ्या दोषांचा, म्हणजे बॅटरी, स्टार्टर आणि प्रज्वलन यांतील बिघाडांचा विचार मागील लेखांकात झाला. प्रस्तुत लेखांकाचा विषय चालत्या गाडीत उद्भवणारा आणि दुर्लक्ष झाल्यास थेट इंजिनाच्या मुळावर येणारा बिघाड हा आहे : इंजिन प्रमाणाबाहेर तापणे. उन्हाळ्यात खंबाटकी किंवा कसारा घाटात बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्या पाहिल्या, की हा बिघाड अवचित ओढवतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याची तयारी बहुधा कित्येक महिने आधीपासून चाललेली असते आणि त्याच्या खुणाही तेव्हापासून दिसत असतात.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते एक-तृतीयांश हिस्साच चाकांना गती देण्याच्या कामी येतो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन काही धुरावाटे निघून जाते, तर बरीचशी इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटला वाहून न्यावी लागते. कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये यांचे मिश्रण. गॅरेजमध्ये ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तो पंप ते फिरवतो. मेणाच्या प्रसरणाने उघडणारी थर्मोस्टॅट ही झडप, ते साधारण ८२ ते ९० अंश सेल्सियसपर्यंत तापल्यावरच त्याला रेडिएटरकडे जाऊ देते. आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाताना ते आपली उष्णता हवेला देते. रेडिएटरच्या टोपणाचे कामही झाकण्यापुरते नाही. अनेक गाड्यांच्या टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो टोपण किती बार दाब धरून ठेवते हे सांगतो. सुमारे एक बार जादा दाबाखाली साधे पाणीही १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून टोपणाचे रबर कडक होऊन दाब निसटू लागला, तर बाकी सारे भाग धडधाकट असूनही कूलंट लवकर उकळते.

ही रचना ध्यानात घेतली, की निदानाचा पहिला प्रश्न ‘गाडी तापते का’ हा न राहता ‘केव्हा तापते’ हा होतो. सिग्नलला किंवा गर्दीत उभी असताना काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर पुन्हा उतरतो, तेव्हा दोष पंख्याकडे, म्हणजे त्याची मोटर, रिले, फ्यूज किंवा तापमान मोजणारा सेन्सर यांकडे शोधावा. कारण धावत्या गाडीत समोरून येणारा वारा पंख्याची उणीव भरून काढतो आणि उभ्या गाडीत तो नसतो. याउलट, गर्दीत ठीक चालणारी गाडी महामार्गावर वेगात असताना तापत असेल, तर रेडिएटर आतून तुंबला असण्याची, कूलंट कमी असण्याची किंवा जुना होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होत असण्याची शक्यता अधिक असते. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर गेला आणि वरचा होज कढत असताना खालचा गारच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा.

घाटात मात्र सर्वच उणिवा एकदम उघड्या पडतात, कारण तेथे गाडी खालच्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिन जोरात आणि चाके सावकाश अशी चालते; उष्णता अधिक निर्माण होते आणि समोरचा वारा कमी मिळतो. त्यात हवामानाची भर पडते. रेडिएटर किती उष्णता सोडू शकेल हे कूलंट आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते : ९० अंशांच्या कूलंटला २० अंशांच्या हवेत ७० अंशांचा फरक मिळतो, तर चंद्रपूर-नागपूरकडील ४५ अंशांच्या हवेत ४५ अंशांचाच. अर्धवट तुंबलेला रेडिएटर हिवाळ्यात निभावून जातो आणि मे महिन्यात गाडी बंद पाडतो, त्याचे कारण हेच.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा : कूलंट गेले कोठे? ही बंदिस्त यंत्रणा आहे, त्यामुळे कूलंटच्या टाकीतील पातळी वारंवार खाली जात असेल, तर ती गळतीची निश्चित खूण होय. होजच्या जोडाशी वाळलेला पांढुरका किंवा रंगीत थर, पंपाच्या कण्याखालील छिद्रातून झिरपल्याचा डाग, या खुणा बाहेरची गळती दाखवतात. बाहेर थेंबही नसताना पातळी घटणे, इंजिन तापल्यावरही धुरातून गोडसर वासाची पांढरी वाफ येणे, टाकीत सतत बुडबुडे उठणे, या खुणा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरील हेड यांमधील पातळ सांधा, फुटल्याचा संशय दाखवतात. दर आठवड्याला नुसते पाणी ओतत राहणे म्हणजे ही खूण स्वतःच पुसून टाकणे. शिवाय बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियमचे क्षार तापून नळ्यांत साचतात आणि गंजरोधक द्रव्ये पातळ होत जातात. आणखी एक धोका असा, की कूलंट फारच कमी झाल्यास सेन्सर कोरडा पडून काटा खोटाच खाली दिसू शकतो.

संगणकीय तपासणीने निदान सोपे झाले असले, तरी संकेतांक दोषाची दिशा सांगतो, दोषी भाग नव्हे. ‘पी ०१२८’ हा संकेतांक इंजिन अपेक्षित तापमान गाठत नसल्याचे कळवतो. त्याचे कारण उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट असेल किंवा काढून टाकलेलाही असेल. आपल्याकडे तापणाऱ्या गाडीचा थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा प्रघात अजून टिकून आहे. त्याने काटा खाली येतो खरा, परंतु इंजिन दीर्घकाळ थंड राहते, इंधन अधिक खर्ची पडते, झीज वाढते आणि तापण्याचे मूळ कारण तसेच राहते.

काटा लाल रेषेकडे निघाला, तर एसी बंद करावा, सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि ते पूर्ण निवेपर्यंत टोपण मुळीच उघडू नये. दाब सुटताच कूलंट उसळून हात व चेहरा भाजतो. कढत इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो. ‘आणखी थोडेच अंतर’ म्हणून गाडी रेटली, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होते, आणि मग साध्या होजच्या दुरुस्तीचे रूपांतर इंजिन उघडणे, हेडचे फेसिंग करणे आणि नवे गॅस्केट बसवणे यांत होते.

नियमित देखभालीचे मोल येथे स्पष्ट होते. इंजिन थंड असताना टाकीतील पातळी पाहणे, होज दाबून पाहणे, पट्ट्यावरील भेगा तपासणे, रेडिएटरच्या जाळीतील माती काढणे आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट मुदतीप्रमाणे भरणे, ही कामे थोड्या वेळाची आहेत. त्यांची तारीख व किलोमीटर यांसह नोंद ठेवल्यास पातळी केव्हापासून घटू लागली हे मेकॅनिकला सांगता येते, आणि एकेक भाग बदलून पाहण्याचा खर्च टळतो. ज्याला आपल्या गाडीची निरोगी अवस्था ठाऊक असते, त्यालाच तिच्यातील पहिला बदल कळतो. म्हणून देखभाल हीच निदानाची पहिली पायरी मानली पाहिजे.

(पुढील लेखांक : ब्रेकचे आवाज आणि त्यांचे अर्थ)