भिंत आधी वाळवा, मग रंगवा

कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. भिंती पाणी पितात. मग कोपऱ्यात, कपाटामागे काळे-हिरवे डाग दिसू लागतात. हीच बुरशी. दिवाळी जवळ आली की आपण डाग पुसतो नि लगेच रंग मारतो. घर छान दिसते. पण पुढच्या पावसात पोपडे सुटतात आणि डाग पुन्हा हजर! असे का होते?

बुरशी म्हणजे नुसता मळ नव्हे. ती सजीव आहे. तिचे बी इतके बारीक, की डोळ्यांना दिसत नाही. ते हवेत सगळीकडे असते. ओल मिळाली की रुजते. धूळ, कागद, लाकूड, खळ, तिला काहीही खायला चालते. हे बी श्वासातून आत गेले, की काहींना शिंका नि खोकला येतो. दमेकऱ्याचा दमा उसळतो. मेलेली बुरशीसुद्धा त्रास देते. म्हणून ती झाकून भागत नाही, काढूनच टाकावी लागते.

आता कामाचा क्रम पाहू.

पहिले काम, पाणी कोठून येते ते शोधा. फुटके कौल बदला. गळका नळ दुरुस्त करा. पागोळ्यांचे पाणी भिंतीवर उडत असेल, तर ते दूर वळवा.

दुसरे काम, बुरशी काढा. खिडक्या उघडा. नाकातोंडावर मास्क बांधा. कोरडा झाडू मारू नका, त्याने बी घरभर उडते. साबणाच्या पाण्याने भिंत घासा, सुटलेले पोपडे खरवडा. ब्लीचिंग पावडर वापरणार असाल, तर तिच्यात संडास धुण्याचे अ‍ॅसिड मुळीच मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

तिसरे काम, भिंत वाळू द्या. इथेच माणसे घाई करतात. ओल्या पाटीवर पेन्सिल उमटते का? तसेच हे. जाड भिंत वाळायला काही आठवडेही लागतात. वाळली की नाही, हे कसे ओळखावे? हात-दीड हात प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवा. चारी कडा पट्टीने घट्ट चिकटवा. एक दिवस-रात्र जाऊ द्या. आतून पाण्याचे थेंब दिसले, तर भिंत अजून ओली आहे. थांबा.

चौथे काम, लेप द्या. ओल येणाऱ्या जुन्या भिंतीला चुना चांगला. चुन्याच्या अंगी क्षार असतो, त्यात बुरशी सहज रुजत नाही. शिवाय चुन्यातून भिंतीतली वाफ बाहेर पडते. ऑइल पेंट ती वाट बंद करतो. मग आतले पाणी रंगाला ढकलते नि फुगे येतात.

कळीचा चुना भिजवताना जपा. चुना पाण्यात थोडा थोडा टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळून उडतो. डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. मुलांना लांब ठेवा. चुन्यात खळ घालू नका, ती बुरशीचे खाद्य आहे. दोन-तीन पातळ हात द्या. प्रत्येक हात वाळू द्या. ऑइल पेंटवर मात्र चुना धरत नाही. तो आधी खरवडावा लागतो.

दिवाळीपर्यंत भिंत वाळली नाही, तर यंदा तोरण लावून सण साजरा करा. रंग महिन्याने दिला तरी चालतो. घरातल्या लेकरांचा श्वास मात्र मोकळा राहिला पाहिजे.