सोप्या शब्दांची वही

वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळ बसलेली मुलगी पवनारचा पूल येईपर्यंत मान वर करत नाही. मांडीवर जाड इंग्रजी पुस्तक, त्यावर आडवी धरलेली दोनशे पानी वही. पुस्तक कॉलेजच्या वाचनालयाचं आहे, म्हणून त्यात पेन्सिलीची खूणसुद्धा करायची नाही. अडलेल्या शब्दाचा पानक्रमांक तेवढा वहीत उतरतो. कुठवर वाचलं ते कळावं म्हणून पानात एसटीचं तिकीट. धाम नदी आली की ती पुस्तक मिटते, कारण पुढचा रस्ता खडबडीत आहे आणि अक्षरं हलतात.

पुस्तक आहे मार्कस झुसाक या ऑस्ट्रेलियन लेखकाचं 'द बुक थीफ'. २००५ साली आलेली ही कादंबरी नाझी जर्मनीत घडते आणि ती सांगतो प्रत्यक्ष मृत्यू. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी वाढवायचं तर कादंबरी वाच, असं एका शिक्षिकेने सुचवलं आणि हे पुस्तक हातात ठेवलं. पहिल्या दहा पानांत ती दोनदा थांबली. पानागणिक वीस-पंचवीस शब्द अडत होते.

हा अडथळा तिच्या एकटीचा नाही. शब्दसंपदेचा अभ्यास करणारे न्यूझीलंडचे पॉल नेशन यांनी एका सहकाऱ्यासोबत २००० साली दाखवून दिलं, की शब्दकोशाविना कादंबरी नीट कळायची तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ओळखीचे असावे लागतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर फार तर सहा अनोळखी. नेशन यांच्याच आधीच्या, १९७८ सालच्या एका प्रयोगात वाचकांना 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' ही अँथनी बर्जेसची कादंबरी वाचायला दिली होती. तिच्यातली पोरं रशियन मुळाचे, लेखकाने घडवलेले शब्द बोलतात. वाचून झाल्यावर अचानक चाचणी घेतली, तेव्हा वाचकांना विचारलेल्या शब्दांपैकी सरासरी तीन चतुर्थांश शब्दांचे अर्थ आले. कोणी पाठ करायला सांगितलं नव्हतं. गोष्टीत तोच शब्द पुन्हा पुन्हा भेटला, एवढंच.

सेलूच्या या मुलीला पुस्तकात धरून ठेवलं ते मात्र कादंबरीतल्या लीझलने. भावाच्या दफनाच्या वेळी बर्फात पडलेलं एक पुस्तक ही नऊ वर्षांची पोर उचलते. ते असतं कबरी खणणाऱ्यांसाठीचं माहितीपुस्तक, आणि तिला वाचताच येत नाही. तिला सांभाळणारा हान्स हा रंगारी. त्याचंही वाचन बेताचंच. तो पॉलिशपेपरच्या पाठीवर अक्षरं काढतो, मग तळघराच्या भिंतीवर रंगाने शब्द लिहितो. दोघं मिळून शिकतात. जिला वाचता येत नाही तीच नायिका, हे कळल्यावर अडलेल्या पानांची लाज गेली.

तिची रीत साधी आहे. बसमध्ये न थांबता वाचायचं. रात्री त्या पानांकडे परत जायचं, अर्थाचा अंदाज आधी पेन्सिलीने लिहायचा, मग शब्दकोश उघडायचा आणि खरा अर्थ पेनाने लिहायचा. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. तिसऱ्या रकान्यात स्वतःच्या गावातलं काहीतरी. 'बेसमेंट'समोर पेन्सिलीने 'खालची खोली', पेनाने 'तळघर' आणि तिसऱ्या रकान्यात 'पेव' असं आहे. धान्य साठवायच्या जमिनीखालच्या पेवात उघडल्या उघडल्या उतरायचं नसतं, आत जीव गुदमरतो, हे आजीने सांगितलेलं. लीझलच्या तळघरात माक्स नावाचा ज्यू तरुण लपून राहतो. पेव आठवल्यावर तिने ती पानं पुन्हा वाचली.

'झाऊमेन्श' हा जर्मन शब्द तर कादंबरीत सारखा येतो. लीझलची पालक आई रोझा तिला याच नावाने झापते. कोशातला अर्थ डुकरिणीवरून दिलेल्या शिवीचा. पण वहीत समोर लिहिलंय, 'आजी मला मेले, पोट्टे म्हणते तसं'. शिवीतली माया कोणत्या कोशात सापडणार? इथे वऱ्हाडी बोली शब्दकोशाच्या पुढे गेली.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या शिक्षणाशी वहीची ही रीत ताडून पाहावीशी वाटते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत नई तालीमची कल्पना मांडली गेली. तीत मुलाच्या हातात आधी टकळी येते. पेळू, सूत, पीळ हे शब्द मागाहून, कामातून. वस्तू आधी, शब्द नंतर. ज्यूंच्या संहारावरची कादंबरी वाचताना हा क्रम उलटा होतो. वस्तू कोणी हातात देऊ शकत नाही, देऊही नये. शब्दावरूनच तिथवर जावं लागतं. म्हणून ओळखीचा शब्द जपून वापरावा लागतो.

'छळछावणी' हा मराठीने घडवलेला शब्द त्या दृष्टीने मोलाचा आहे. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ नुसता एकत्र गोळा करण्याची छावणी. कारकुनी, थंड शब्द. मराठीने त्यात 'छळ' घालून खरं काय ते सांगून टाकलं. मुलीला छावणी ठाऊक होती ती दुष्काळाच्या बातम्यांतली, जनावरांच्या चाऱ्याची, जीव जगवणारी. तोच शब्द 'छळ'ला जोडून आल्यावर तिने वहीत दोन्ही छावण्या वेगळ्या लिहिल्या.

साधारण निम्म्या पुस्तकानंतर वही बदललेली दिसते. लांबलचक शब्द कमी होतात आणि पाचवी-सहावीतच येणारे शब्द दिसू लागतात. 'परेड'. तिला परेड माहीत होती २६ जानेवारीची, शाळेच्या मैदानावरची. कादंबरीत दाखाऊच्या छळछावणीकडे चालवत नेलेल्या ज्यूंची रांग गावातून जाते. त्यातल्या एका म्हाताऱ्याला हान्स पाव देतो आणि चाबकाचे फटके खातो. त्यापुढे 'ट्रान्सपोर्ट'. मग एली वीझेल यांचं 'नाइट' हे आठवणींचं पुस्तक वाचलं, त्यातून आलेलं 'सिलेक्शन' आणि 'चिमणी'. वीझेल १५ वर्षांचे असताना, १९४४ मध्ये आउश्विट्झच्या छळछावणीत नेले गेले होते. मराठीत चिमणी म्हणजे पाखरू, घासलेटचा दिवा आणि गिरणीचं धुराडंही. हिंगणघाटकडची गिरणीची चिमणी तिने पाहिलेली आहे. या शब्दासमोरचा तिसरा रकाना तिने कोरा ठेवलाय.

अशी वही पूर्वी एका माणसाने जीव धोक्यात घालून ठेवली होती. व्हिक्टर क्लेम्पेरर हे ड्रेस्डेनचे ज्यू प्राध्यापक. नोकरी गेली, त्यांना वाचनालय बंद झालं, तरी ते रोज कानावर पडणारे सरकारी शब्द टिपत राहिले. 'फॅनॅटिक' ही निंदा होती, ती नाझींनी स्तुती करून टाकली. 'विशेष वागणूक' म्हणजे ठार मारणं. टिपणं एका मैत्रिणीकडे लपवली जात. १९४७ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. संहाराला सोप्या शब्दांनी किती मदत केली, हे क्लेम्पेरर यांच्याइतकं नेमकं क्वचितच कोणी दाखवलं असेल.

'ज्यू' हा शब्द तिला परदेशी वाटे. मग कळलं, की कोकणातले बेने इस्रायली हे मराठी बोलणारे ज्यू. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. तेलघाणा वर्ध्याला परका नाही. इथल्या मगनवाडीत सुधारलेला 'वर्धा घाणा' प्रसिद्धच आहे. लेखणी इथे जरा थांबली असावी, कारण 'शनिवार तेली' वहीत दोनदा गिरवलंय.

ओळखीच्या शब्दावरून अनोळखी दुःखाकडे जाण्याचा प्रयत्न याच जिल्ह्यात एकदा झाला होता. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गांधीजींनी सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, ज्यूंवर लेख लिहिला. तो २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये आला. ज्यूंची स्थिती त्यांनी आपल्याकडच्या अस्पृश्यतेवरून समजून घेतली आणि उपाय सुचवला दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांनी केला तशा सत्याग्रहाचा. पुढच्या फेब्रुवारीत जेरुसलेमहून ज्यू विचारवंत मार्टिन बूबर यांनी उत्तर लिहिलं: दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचे हाल आणि छळछावणी या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. बूबर यांचं बरोबर होतं. अस्पृश्यता या शब्दाने सहानुभूती जागी केली, पण सत्याग्रह हा शब्द तिथे पुरला नाही.

वहीच्या शेवटच्या भरलेल्या पानावर एकच शब्द आहे, 'फ्रेंड'. पहिलीतला शब्द, कोशात पाहण्याची गरज नाही. समोर तिने लिहिलंय: वर्धा, २३ जुलै १९३९. त्या दिवशी गांधीजींनी हिटलरला पत्र लिहून युद्ध टाळण्याची विनंती केली, आणि पत्राची सुरुवात 'प्रिय मित्र' अशी केली. ते पत्र हिटलरपर्यंत पोचलं नाही. चाळीस दिवसांनी, १ सप्टेंबरला, जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं.