शेवटच्या शिबिरातली शेवटची मुलगी

नळीच्या हाडातला मऊ गर तुमच्यापैकी कुणी मिटक्या मारत चोखलाही असेल. तसाच गर आपल्या हाडांतही असतो. त्याला म्हणतात अस्थिमज्जा, म्हणजेच बोनमॅरो. आपलं रक्त तयार करणारा कारखाना तो हाच! तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तपट्टिका, सगळा माल इथलाच.

हा कारखानाच बिघडला तर? ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, तसंच होतं. मग काही रोग्यांना दुसऱ्याची निरोगी मज्जा द्यावी लागते. पण ती कुणाचीही चालत नाही बरं का! रक्तगट जुळून भागत नाही. पेशींवरच्या 'एचएलए' नावाच्या खुणा जुळाव्या लागतात. त्या निम्म्या आईकडून येतात, निम्म्या बाबांकडून. त्यामुळे सख्ख्या भावाशी किंवा बहिणीशी त्या पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. घरात कुणी जुळलं नाही, तर आपल्याच समाजात, पूर्वजांच्या गोतावळ्यात कुणी सापडण्याची आशा जास्त.

अमेरिकेतल्या जे फाइनबर्गपुढे नेमका हाच पेच उभा राहिला. 1991 साली त्याला ल्युकेमिया झाला, तेव्हा तो अवघा 22 वर्षांचा होता. तो ज्यू. त्याचे पूर्वज पूर्व युरोपातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझींनी सुमारे 60 लाख ज्यूंची हत्या केली होती. घराणीच्या घराणी नाहीशी झाली. ज्यांच्या खुणा जुळल्या असत्या अशी कितीतरी माणसं आणि त्यांची मुलंबाळं आता जगात नव्हतीच. शिवाय दात्यांच्या यादीत ज्यूंची नावं फारच थोडी.

पण घरची माणसं आणि मित्र हटले नाहीत. गावोगावी शिबिरं भरवली. चार वर्षांत 50 हजारांहून जास्त लोकांनी रक्त तपासून घेतलं. कितीतरी रोग्यांना दाते मिळाले, पण जेला काही मिळेना! अखेर 1995 मध्ये मिलवॉकी शहरात शेवटचं शिबिर झालं. तिथं सर्वांत शेवटी तपासलेल्या मुलीच्या खुणा जुळल्या! जे वाचला. त्या धडपडीतूनच 'गिफ्ट ऑफ लाइफ' ही नोंदणी संस्था उभी राहिली. इस्राएलमध्येही 1998 पासून 'एझेर मिझिओन' ही संस्था असंच काम करते. ज्यू धर्मात जीव वाचवणं इतकं मोठं मानतात, की त्यासाठी शब्बाथचे नियमही बाजूला ठेवता येतात.

आपल्या कोकणातले, अलिबागकडचे बेने इस्राएल ठाऊक आहेत ना? मराठी बोलणारे ज्यू! त्यांच्यातले बरेचजण आता इस्राएलात असतात. अशा छोट्या समाजात तर एकेका नावाचं मोल मोठं. आणि हे फक्त ज्यूंचंच नाही हं. प्रत्येक समाजाचे रोगी यादीत आपली माणसं शोधत असतात.

नाव नोंदवणं आता सोपं झालंय. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, झालं! खुणा जुळल्याच, तर बहुतेक वेळा दंडातून रक्त घेऊन यंत्रानं हव्या त्या पेशी वेगळ्या काढतात. कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. थोडे दिवस ठणकतं, पण काही आठवड्यांत मज्जा पुन्हा भरून येते.

नोंदणीला 18 वर्षं पूर्ण लागतात. तुमची अजून झाली नसतील. पण ताई-दादाची झालीयत ना? मग आज जेवताना त्यांना जेची गोष्ट सांगाच!