जिना नसलेल्या घरातला टोंगळा

   नेर तालुक्यातल्या एका आशाताईंची चिठ्ठी आली आणि ती बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना.

ताई एका पाहणीसाठी गुडघेदुखीचा तक्ता घेऊन घरोघरी फिरत होत्या. एका घरी त्यांनी प्रश्न वाचला, 'जिना चढताना किती त्रास होतो?' आजी म्हणाल्या, "आमच्या घरी जिना कुठं हाय वो?" पुढे मोजे घालण्याचा प्रश्न आला. आजींनी जन्मात मोजे घातलेले नाहीत. त्रासच नाही म्हटल्यावर शून्य लिही, असं सोबतच्या मुलीचं म्हणणं. ताई विचारतात, 'मी कोणता आकडा लिहू?'

ताई, काहीही लिहा, पण शून्य लिहू नका. शून्य म्हणजे 'हे काम मी करते आणि मला जराही त्रास होत नाही'. आजी ते काम करतच नाहीत. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तक्त्यावर मात्र दोन्हींचा आकडा एकच दिसतो.

तुमच्या हातातला तक्ता वोमॅक. कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ आणि मॅकमास्टर या दोन विद्यापीठांच्या नावांवरून त्याचं नाव पडलं. निकोलस बेलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२पासून तो घडवला. प्रश्न एकूण २४. दुखण्याचे ५, आखडण्याचे २ आणि रोजच्या कामांचे १७. प्रत्येकाला ० ते ४ गुण. तो तिथल्या रुग्णांच्या तक्रारींवरून बांधला, म्हणूनच जगभर गेला. पण तिथलं घर दुमजली, अंघोळ टबात, बाजारात जायचं ते मोटारीने आणि थंडीत मोज्यांशिवाय पाय बाहेर काढायचा नाही. त्या घरातल्या गुडघ्याला हे प्रश्न अगदी चपखल बसतात.

आता तोच तक्ता नेरजवळच्या एखाद्या खेड्यात न्या. जिना चढणं, जिना उतरणं, मोजे घालणं, मोजे काढणं, मोटारीत बसणं-उतरणं, टबात शिरणं-निघणं. झाले ६ प्रश्न. कामांच्या १७ प्रश्नांचे जास्तीत जास्त गुण ६८. या सहांपुढे शून्य पडलं, तर उरलेल्या ११ कामांत बाई अगदी बेजार असली तरी तिचे गुण ४४च्या वर जाणार नाहीत. कागदावर तिचा गुडघा बरा ठरतो. घरात मात्र ती बाजेवरून उठताना सुनेला हाक मारते.

बरं, कोरे ठेवावेत तर? वोमॅकचा नियम असा की कामांच्या प्रश्नांत तीनपर्यंत जागा कोऱ्या राहिल्या तर बाकीच्यांच्या सरासरीने भरून काढायच्या. चार किंवा जास्त कोऱ्या राहिल्या की तो भागच बाद. आपल्या आजींच्या सहा कोऱ्या. म्हणजे प्रामाणिकपणे भरला तर तक्ता बाद, आणि शून्यं टाकून भरला तर खोटा. मला विचाराल तर मी बाद झालेला तक्ता पत्करेन. बाद तक्ता निदान कुणाची फसवणूक करत नाही.

आणि जे विचारायला हवं ते या २४ प्रश्नांत नाहीच. आपल्याकडे गुडघ्याची परीक्षा होते ती निंदणात. पऱ्हाटीच्या तासात बाई उकिडवी बसते आणि हातात खुरपं घेऊन, न उठता, बसल्या बसल्या पुढे सरकते. तास संपला की एक तळहात मातीला, दुसरा मांडीवर, आणि मग एका झटक्यात उभं राहणं. टोंगळे, म्हणजे गुडघे, गेलेल्या बाया आधी बांधाकडे सरकतात, धुऱ्यावरच्या बाभळीला धरून उठतात. माझ्याकडे टोंगळे दाखवायला येणारी बाई आधी हेच सांगते, "बसता येते, पन उठताच येत नाही." तिला मी बर्फातल्या मोज्यांबद्दल कसा विचारू?

हा प्रश्न आपल्याकडच्या डॉक्टरांना फार आधी पडला. पुण्याच्या सेंटर फॉर र्‍हुमॅटिक डिसीजेसमध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने वोमॅकचं भारतीय रूप केलं. ते 'सीआरडी पुणे' आवृत्ती म्हणून ओळखलं जातं. दुसरं उदाहरण मला त्याहून आवडतं. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइज यांनी १९८०मध्ये सांधेदुखीच्या रुग्णांसाठी २० प्रश्नांचा तक्ता केला होता. दिल्लीच्या डॉ. मालवीय आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये त्याचा भारतीय अवतार छापला, १२ प्रश्नांचा. त्यात साडी किंवा धोतर नेसणं आहे, संडासला उकिडवं बसणं किंवा मांडी घालून बसणं आहे, रिक्षात चढणं-उतरणं आहे, भाजीबाजार आहे आणि तीन किलोमीटर चालणंही आहे. नुसतं भाषांतर करून हे हाती आलं नसतं. आपला माणूस दिवसभर अंगाने काय काय करतो, ते आधी पाहावं लागलं.

ताईंनी पुढे विचारलंय, 'जिन्याऐवजी एसटीची पायरी म्हणू का?' मोह मलाही होतो. एसटीची पहिली पायरी म्हणजे गुडघ्याची खरी कसोटी. पण नको. तुम्ही एसटी म्हणाल, शेजारच्या गावातली ताई ओटा म्हणेल, आणि दोघींचे आकडे एका रांगेत लावताच येणार नाहीत. शब्द आहेत तेच वाचा, समोर 'लागू नाही' लिहा आणि आजी जे बोलल्या ते खाली जसंच्या तसं उतरवून घ्या. 'टोंगळा' म्हणाल्या तर टोंगळाच लिहा. अशी शंभर घरं जमली की पाहणी करणाऱ्यांपुढे ठेवा. तक्ता बदलायचा तर तो तिथून बदलतो.

उत्तरांबद्दल एक सांगायचं राहिलं. 'सौम्य, मध्यम, तीव्र, अतितीव्र' हे शब्द आपल्या बायांच्या तोंडी नाहीत. आणे आहेत. पिकाची आणेवारी ऐकतच माणसं मोठी झाली आहेत. काहीच नाही, चार आणे, आठ आणे, बारा आणे, सोळा आणे. मोजून पाहा, बरोबर पाच पायऱ्या होतात, ० ते ४. तक्त्यातले शब्द मी त्यासाठी बदलत नाही. माझ्या स्वतःच्या वहीत मात्र वर्षानुवर्षं आणेच आहेत.

त्यात माझी एकदा मोठी चूक झाली. एक बाई महिनाभर व्यायाम करून आली. "किती आणे?" विचारलं. "बारा," ती म्हणाली. मी दुखणं बारा आणे धरलं, व्यायाम वाढवला, तपासणीला यवतमाळला पाठवायची चिठ्ठीही लिहायला घेतली. ती घाबरून बघत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, "बारा आणे बरं वाटते म्हनलं मी." तेव्हापासून 'किती आणे' एवढंच कधी विचारत नाही. 'दुखणं किती आणे उरलं?' असा सबंध प्रश्न विचारतो, दर खेपेला याच शब्दांत, आणि वहीत आकड्याआधी 'दु.' लिहितो.