रसद तोडली तरी

मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दर चार-पाच दिवसांनी नव्या होतात. पेशींचं विभाजन हा तिथला नित्यक्रमच आहे; एपीसी या जनुकात बिघाड झाला की त्याला आवर राहत नाही आणि पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी गाठ, उगवतो. पण नुसत्या विभाजनावर गाठ वाढत नाही. रक्तवाहिनीतला प्राणवायू आजूबाजूला मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या भागापर्यंत पोचतो, त्यापलीकडच्या पेशी गुदमरतात. म्हणून मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या पुढे जायचं तर गाठीला नव्या वाहिन्या हव्यातच, असं बोस्टनचे सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. गुदमरलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि शेजारच्या वाहिन्यांना गाठीच्या दिशेने फाटे फुटतात.

मग ही रसद तोडली की कर्करोग संपेल, असं वाटणं साहजिक होतं. व्हीईजीएफला अडवणारं बेव्हासिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, तेही मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगासाठीच. त्यामागच्या चाचणीत नुसत्या केमोथेरपीवर रुग्ण मध्यकानुसार १५.६ महिने जगले, जोडीला हे औषध दिल्यावर २०.३ महिने. एवढंच, असं कुणी म्हणेल. ज्याच्या घरात हा आजार आहे त्याला मात्र हे महिने थोडे वाटत नाहीत. तरीही गाठ उपाशी मरत नाही, हे मान्य करायला हवं. गाठीच्या वाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. औषधाने त्या काही काळ सुधारतात आणि केमोथेरपी आतपर्यंत पोचते, असं कर्करोग-संशोधक राकेश जैन यांचं म्हणणं आहे. मला ते पटतं, कारण मोठ्या आतड्याच्या कर्करोगात या औषधाचा खरा उपयोग विभाजन रोखणाऱ्या केमोथेरपीच्या जोडीनेच दिसला आहे.

मग हे औषध लवकर, शस्त्रक्रियेनंतर लगेच का देऊ नये? दोन मोठ्या चाचण्यांत तसं देऊन पाहिलं, रोग परतणं टळलं नाही. मागे उरलेले पेशींचे पुंजके इतके बारीक असतात की त्यांना नव्या वाहिन्यांची गरजच नसावी. शिवाय जखम भरायलाही नव्या वाहिन्या लागतात, म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किमान २८ दिवस हे औषध देत नाहीत. लवकर गाठायचं तर पॉलिपलाच गाठावं. त्याचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात कोलोनोस्कोपी करताना तारेच्या फासात पकडून तो मुळापासून कापता येतो.